यंत्राला चेन लावावी की पट्टा? थ्रेशर, मिनी दाल मिल आणि पेरणी यंत्र पहिल्यांदाच हाताळणाऱ्यांसाठी

सोयाबीनच्या हंगामात, दिवाळीच्या तोंडावर, आमच्या थ्रेशरचा पट्टा अर्ध्या-अर्ध्या तासाला घसरत होता. परतीच्या पावसानं गंजी भिजलेली. तालुक्याच्या एका वर्कशॉपात सल्ला मिळाला, "पट्ट्याची कटकटच कशाला, चेन टाका." मला तो पटला. पुली काढून स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) बसवले. दोन दिवस मशीन असं चाललं की आधीच का नाही केलं, असं वाटलं. तिसऱ्या दिवशी सांजच्या वेळी ओल्या सोयाबीनचा मोठा कवळा ड्रममध्ये गुंतला. पट्टा असता तर किंचाळला असता, घसरला असता, आणि आम्ही मशीन बंद करून ड्रम मोकळा केला असता. चेन घसरत नाही. शाफ्टची चावी (पुली किंवा स्प्रॉकेट शाफ्टवर घट्ट धरणारी लोखंडी पट्टी) कापली गेली, चावीची खाच फाटली आणि शाफ्ट वाकला. लेथवर नवा शाफ्ट होऊन यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत पुन्हा पाऊस झाला आणि गंजीतल्या शेंगांना मोड फुटले.

तेव्हापासून थ्रेशर, पिठाची चक्की आणि आता मिनी दाल मिल अशी तिन्ही यंत्रं हाताखालून गेली. गावात कुणी नवीन मशीन घेतलं की बोलावणं येतं, आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: चेन चांगली की पट्टा? या प्रश्नाचं उत्तर यंत्राच्या नावावरून देता येत नाही. एकाच यंत्रात एका टोकाला पट्टा आणि दुसऱ्या टोकाला चेन लागू शकते. म्हणून खाली ज्या क्रमानं लिहिलंय त्याच क्रमानं विचार करा. दुकानात जाण्याआधी पहिल्या चार पायऱ्या घरीच, मशीनजवळ बसून करा.

## १. अडकलं तर काय सुटावं, ते आधी ठरवा

ताकद, किंमत, टिकाऊपणा हे सगळं यानंतर. प्रत्येक मशीन कधी ना कधी अडकणारच. ओला कवळा येतो, तुरीत खडा येतो, पोत्याची सुतळी आत जाते. त्या क्षणी मोटर फिरतच असते आणि तिची ताकद कुठेतरी बाहेर पडणारच. पट्टा असेल तर ती घसरण्यात जाते. पट्टा तापतो, वास येतो, आवाज होतो, पण नुकसान झालं तर पट्ट्याचंच. चेन असेल तर मशीनमधला सर्वांत कच्चा भाग तुटतो. तो चावी असेल, शाफ्ट असेल, गिअरबॉक्सचा दात असेल. कोणता, ते तुमच्या हातात राहत नाही.

म्हणून थ्रेशरचा ड्रम, कडबा कुट्टी, चक्की, दाल मिलचा मुख्य रोलर, म्हणजे जिथे माल अचानक गुंतू शकतो आणि भाग जोरात फिरतो, तिथे मोटर किंवा इंजिनपासून पहिली जोडणी पट्ट्याचीच ठेवा. माझं मत यात ठाम आहे. पट्टा घसरतोय म्हणून चेन टाकू नका. तो का घसरतोय ते शोधा. माल ओला आहे का, पट्टा ढिला आहे का, पुली झिजली आहे का, की एका पट्ट्यावर दोन पट्ट्यांचं काम चाललंय? आमच्या थ्रेशरवर पट्ट्याचा ताण कधी तपासलेलाच नव्हता. शिवाय माल एक दिवस उन्हात पसरायला हवा होता.

पट्ट्याचा दुसरा फायदा मोटर सुरू होताना दिसतो. थेट स्टार्टरवर मोटर सुरू होताना नेहमीच्या सहापटीपर्यंत करंट ओढते आणि झटका देते. पट्टा तो झटका थोडा पिऊन टाकतो. आपल्याकडे रात्री लाईनचा दाब कमी-जास्त होतो आणि मोटर पुन्हा-पुन्हा सुरू करावी लागते. अशा ठिकाणी हे लहान वाटलं तरी बेअरिंगच्या आयुष्यात फरक पडतो.

## २. शाफ्ट किती फेरे फिरतो ते पाहा

मोटरच्या पाटीवर फेरे लिहिलेले असतात. गावात बहुतेक मोटरी मिनिटाला सुमारे १४४० फेऱ्यांच्या, काही ९६० च्या. ट्रॅक्टरचा पीटीओ (यंत्र फिरवण्यासाठीचा मागचा शाफ्ट) ५४० चा.

तीच ताकद कमी फेऱ्यांवर द्यायची असेल तर ओढ तितक्याच पटीनं वाढते. १ एचपीची मोटर १४४० फेऱ्यांवर जो पीळ देते, तोच ३० फेऱ्यांच्या शाफ्टवर ४८ पट होतो (वाटेतली गळती धरली नाही तर). इतक्या ओढीला व्ही-बेल्ट (पुलीच्या खाचेत बसणारा तिरक्या कडांचा पट्टा) घसरतो, आणि घसरू नये म्हणून करकचून ताणला की बेअरिंग खातो. हे काम चेनचं. ती दातांवर पकडते, तिला ताणून ठेवावं लागत नाही, त्यामुळे बेअरिंगवर उगाच भार येत नाही.

याचा साधा अर्थ असा: मोटरजवळ, जिथे वेग जास्त आणि ओढ कमी, तिथे पट्टा. गिअरबॉक्सच्या पलीकडे, जिथे शाफ्ट सावकाश पण जोर लावून फिरतो, तिथे चेन. तूर वर चढवणारा सावकाश स्क्रू, हळदीचा पॉलिश ड्रम, शेंगदाण्याच्या घाणीची शेवटची जोडणी ही चेनची ठिकाणं.

मग अशा स्क्रूत खडा अडकला तर? तिथे चेनच्या स्प्रॉकेटला शिअर पिन ठेवतात. ती साध्या मऊ लोखंडाची असते आणि मुद्दाम तुटण्यासाठीच असते. ती तुटली की लोक चिडून तिथे कडक हाय-टेन्साईल बोल्ट ठोकतात. असं कधी करू नका. पिन वारंवार तुटत असेल तर स्क्रूत काहीतरी बिघडलंय. पाच-सहा पिना तेलाच्या डब्यात भरून मशीनलाच टांगून ठेवा.

## ३. दोन गोष्टींचा मेळ बसायला हवा का?

पेरणी यंत्राचं उदाहरण घ्या. जमिनीवर चालणारं चाक चेनमधून बियाण्याच्या पेटीतला शाफ्ट फिरवतं. सोयाबीन दोन तासांत १८ इंच आणि दोन झाडांत २ इंच असं टाकायचं असेल, तर चाक किती फिरलं आणि शाफ्ट किती फिरला याचं प्रमाण वावराच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत तेच राहायला हवं. व्ही-बेल्ट नीट ताणलेला असला तरी १-२ टक्के सरकतोच, आणि चिखल-माती लागली की किती सरकेल याचा नेम नाही. तिथे चेनच हवी. बियाण्याचं प्रमाण बदलायचं तर दातांची संख्या बदलायची, ताण बदलून चालत नाही.

उलट, चक्कीचा दगड मिनिटाला ५-१० फेरे कमी फिरला तर पिठाला काही होत नाही.

## ४. जागा, धूळ आणि तेल

चेनला तेल लागतं. पट्ट्याला तेल चालत नाही. अर्ध्या तक्रारी या दोन वाक्यांतच सुटतात.

दाल मिलमध्ये चुनी आणि टरफलाची भुकटी सतत उडते. थ्रेशरवर कुटार उडतं. उघड्या चेनवर तेल आणि ही भुकटी मिळून खरवडणारा लेप तयार होतो आणि कड्यांच्या पिना आतून घासल्या जातात. म्हणून अशा ठिकाणी चेन लावायचीच असेल तर बंद पेटीत लावा, खाली तेल साठायला ट्रे ठेवा. डाळीच्या वाटेवर, चाळणीच्या किंवा हॉपरच्या वर, चेन कधीच नको. तेलाचा एक थेंब डाळीत पडला की ते पोतं परत येतं.

पट्ट्याचे वैरी वेगळे: ऊन, तेल आणि ताण. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. टिनाच्या शेडमध्ये, पश्चिमेकडून ऊन येणाऱ्या भिंतीशी ठेवलेल्या मशीनचा पट्टा लवकर कडक होऊन तडकतो. आणि जवळ कापूस साठवला असेल तर घसरणारा पट्टा चालू ठेवू नका. तो खूप तापतो, आणि रुईला पेटायला फार लागत नाही.

शक्ती वाया किती जाते, असं हमखास विचारतात. तेल दिलेली चांगली रोलर चेन साधारण ९७-९८ टक्के शक्ती पुढे देते, व्ही-बेल्ट साधारण ९३ ते ९५. पाच एचपीच्या मशीनसाठी एवढ्या फरकावर निर्णय घेऊ नका. ढिला पट्टा आणि कोरडी चेन, दोन्ही याहून कितीतरी जास्त खातात.

## ५. दुकानात जाताना सोबत काय न्याल

- मोटरच्या पाटीचा फोटो: एचपी आणि फेरे स्पष्ट दिसावेत
- जुना पट्टा किंवा चेन, निदान पट्ट्यावरचा नंबर (उदा. बी-७८)
- दोन्ही पुलींचा व्यास आणि दोन्ही शाफ्टच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर
- शाफ्टची जाडी आणि चावीच्या खाचेची रुंदी, व्हर्नियरनं मोजलेली
- मोटर किती मागे-पुढे सरकू शकते ते माप
- एक वही. घेतलेला नंबर आणि तारीख तिच्यात लिहा, बिल तिच्यातच ठेवा

"पाच एचपीच्या थ्रेशरचा पट्टा द्या," एवढंच सांगून पट्टा आणू नका. त्या वाक्यावर योग्य पट्टा मिळणं हा निव्वळ योगायोग.

## ६. पट्ट्याचं माप काढणं

व्ही-बेल्टच्या नंबरात अक्षर म्हणजे पट्ट्याची जाडी-रुंदी आणि आकडा म्हणजे आतल्या बाजूची लांबी, इंचात. वरच्या बाजूची रुंदी ए ची १३ मिमी, बी ची १७, सी ची २२. लहान पुलीचा व्यास साधारणपणे ए साठी ७५ मिमी, बी साठी १२५ आणि सी साठी २०० पेक्षा कमी नसावा. फार लहान पुलीवर पट्टा प्रत्येक फेऱ्यात करकरून वाकतो आणि आतून तुटतो. वर्कशॉपात वेग कमी करण्यासाठी मोटरवर छोटीशी पुली लावून देतात, तिथेच ही चूक होते.

आता हिशोब. ५ एचपीची मोटर, १४४० फेरे. मशीनचा शाफ्ट ४८० वर फिरवायचा आहे, म्हणजे तिप्पट फरक. मोटरवर ५ इंची पुली, मशीनवर १५ इंची. मध्यापासून मध्यापर्यंत २४ इंच.

लांबी = अंतराची दुप्पट + दोन्ही व्यासांची बेरीज गुणिले १.५७ + व्यासांच्या फरकाचा वर्ग भागिले अंतराची चौपट.

म्हणजे ४८ + ३१.४ + १ = सुमारे ८०.४ इंच. ही पट्ट्याच्या मधल्या दोऱ्यांच्या रेषेची लांबी झाली. नंबर आतल्या लांबीचा असतो आणि बी मध्ये तो सुमारे पावणेदोन इंच कमी भरतो, म्हणून बी-७८ घ्यायचा. मोटर सरकवून उरलेला फरक निघतो. या भाराला एक बी कमी पडतो, दोन घ्या. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच लॉटचे.

पट्टा लहान पुलीला किमान १२० अंश तरी कवटाळायला हवा. वरच्या उदाहरणात तो सुमारे १५५ अंश कवटाळतो. पुल्यांच्या आकारात फार फरक असेल आणि मोटर अगदी जवळ असेल तर ही पकड कमी होते.

जुन्या चक्क्यांवरच्या सपाट पट्ट्याबद्दल थोडं. त्याच्या पुलीला मध्ये किंचित फुगवटा असतो आणि पट्टा आपोआप उंच भागाकडे सरकून मध्यावर राहतो. ती पुली लेथवर "साफ" करताना फुगवटा काढू देऊ नका, नाहीतर पट्टा उतरत राहील. सपाट पट्टा आठच्या आकड्यासारखा आडवा घातला की फिरण्याची दिशा उलटते. ही सोय व्ही-बेल्टमध्ये आणि साध्या चेनमध्ये नाही.

## ७. पट्टा बसवणं

आधी मेन स्विच बंद करा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा. गावात लाईन कधी येईल ते सांगता येत नाही आणि ऑटो स्टार्टर तुम्हाला विचारून सुरू होत नाही.

मोटरचे बोल्ट ढिले करा, मोटर पुढे सरकवा, पट्टा हातानं घाला. स्क्रू-ड्रायव्हर घालून पुलीवरून पट्टा उचकटून चढवू नका. बाहेरून काही दिसत नाही, पण आतले दोरे तुटतात आणि तो पट्टा महिनाभरात उलटा पडतो.

मग ओळ तपासा. दोन्ही पुलींच्या बाजूवरून सुतळी ताणून धरा. ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे. दोन्ही पुलींच्या कडा वेगवेगळ्या जाडीच्या असतील तर खाचेच्या मध्यापासून माप घ्या.

ताण द्या. मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्यानं दाबून पाहा. दर मीटर लांबीला साधारण १६ मिमी दबावा, म्हणजे आपल्या २४ इंचांच्या उदाहरणात सुमारे १० मिमी. नवा पट्टा पहिल्या अर्ध्या तासात सैल पडतो, तेव्हा पुन्हा ताणा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा.

व्ही-बेल्ट खाचेच्या दोन्ही बाजूंवर बसतो, तळाला टेकत नाही. खाचेचा तळ चकाकत असेल तर पुली झिजलीय, आणि कितीही नवे पट्टे घातले तरी ते घसरणारच. दोनपैकी एक पट्टा तुटला तर दोन्ही बदला. जुना लांबलेला असतो आणि सगळा भार नव्यावर पडतो. आणि घसरणाऱ्या पट्ट्यावर राळ किंवा साबण लावण्याची सवय सोडा. तासभर चालतं, मग खाचेत गोळे होतात.

## ८. चेन बसवणं

लहान स्प्रॉकेटला शक्यतो १७ किंवा जास्त दात घ्या. दात कमी असले की चेन गोलाऐवजी कोनाकोनानं फिरते आणि धक्के बसतात. दातांची संख्या विषम, कड्यांची संख्या सम. असं असलं की तीच कडी त्याच दातावर लवकर येत नाही आणि झीज सारखी होते. सम कड्या ठेवल्या की हाफ लिंकही (विषम कड्या जोडायला लागणारी वाकडी कडी) लागत नाही. हाफ लिंक ही चेनमधली सर्वांत कच्ची जागा.

समजा १७ आणि ५१ दात, १०-बी चेन (एका कडीचं अंतर १५.८७५ मिमी) आणि शाफ्टमध्ये ६३५ मिमी. हिशोबानं ११४.७ कड्या येतात. ११६ घ्या आणि शाफ्ट सुमारे १० मिमी मागे सरकवा.

चेन ताणून बसवायची नसते. ढिली बाजू खाली ठेवा आणि तिला एकूण १५ ते २० मिमी झोल द्या. लॉकची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप लावताना तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं धावते तिकडे हवं. उघडं तोंड पुढे असेल तर कुठे घासलं की क्लिप निघून जाते.

इथे आपल्याकडचा एक खास धोका. डीपी दुरुस्त झाला किंवा कुणी तारा बदलल्या की फेज उलटतात आणि मोटर उलटी फिरू लागते. मग क्लिपचं तोंड चुकीचं होतं आणि ढिली बाजू वर येते. थ्रेशरचा तर ड्रमच उलटा फिरतो. लाईनचं काम झालं की माल टाकण्याआधी मशीन एक सेकंद चालवून दिशा बघा. पुलीवर रंगानं बाण काढून ठेवा.

मोटारसायकलची उतरलेली चेन मशीनला लावू नका. ती लांबलेली असते म्हणूनच उतरवलेली असते. जुन्या चेनमध्ये नवा तुकडाही जोडू नका आणि नवी चेन झिजलेल्या स्प्रॉकेटवर घालू नका. दात आकड्यासारखे वळलेले दिसले तर चेन आणि स्प्रॉकेट एकत्रच बदला.

## ९. जाळी

हे काम सर्वांत शेवटी आणि घाईत होतं, म्हणून वेगळं लिहितोय. मळणी यंत्रांवरच्या अपघातांत इतके हात गेले की १९८३ साली देशात धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. पुली, पट्टा, चेन, शाफ्टचं बाहेर आलेलं टोक, सगळं जाळीनं झाका. जाळी बोल्टनं बसवा, तारेनं बांधू नका. बायकांचा पदर आणि ओढणी, माणसांचा दुपट्टा, पोरांचे सैल शर्ट, हे सगळं मशीनजवळ खोचून किंवा काढून ठेवायचं. पट्टा निदान किंचित सरकतो. चेनमध्ये गेलेलं कापड माणसाला ओढूनच घेतं. चेनची जाळी काढून मशीन चालवायला मी कुणालाही परवानगी देत नाही, पाहुण्यालाही नाही.

## १०. हंगामातली आणि हंगामानंतरची देखभाल

चेनला ग्रीस थापू नका. ते वरच राहतं, पिनेपर्यंत पोचत नाही. तेल घाला, खालच्या ढिल्या बाजूला, आतल्या अंगानं, कड्यांच्या फटींत. हिवाळ्यात एसएई ३०, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की एसएई ४०. जुनं काळं इंजिन ऑईल नको, त्यात लोखंडाची भुकटी असते.

चेन लांबली का ते टेपनं मोजा. १०-बी च्या २० कड्या नव्या असताना ३१७.५ मिमी भरतात. ३२७ भरल्या की तीन टक्के लांबल्या, बदलायची वेळ झाली.

पट्ट्याला फक्त कोरडं फडकं लागतं. आतल्या बाजूला तडे, कडेला सुटलेले दोरे, किंवा काचेसारखी चमक आलेली बाजू दिसली की तो बदलायला काढा.

पेरणी झाली की पेरणी यंत्र पावसात धुऱ्यावर उभं राहतं आणि पुढच्या मृगात चेन काठीसारखी ताठ निघते. पेरणी संपल्याच्या दिवशीच चेन काढा, रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा, वाळवा, तेलात बुडवून निथळा आणि पोत्यात गुंडाळून घरात टांगा. दाल मिलचा हंगाम संपला की मोटर पुढे सरकवून पट्टा ढिला करा, किंवा काढून सावलीत रुंद खुंटीवर ठेवा, खिळ्यावर नको.

सोयाबीन मळायला काढण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, वहीतल्या नंबराचे दोन पट्टे, एक लॉक आणि मूठभर शिअर पिना घरात आणून ठेवा. ऐन मळणीत तालुक्याच्या दुकानात नेमका तोच नंबर संपलेला असतो.